दिवटीमागचं ओलं पोतं

पेटती दिवटी घेऊन लायब्ररीत शिरू बघणारा माणूस शाहिस्तानं जन्मात पाहिला नव्हता. पाहणार तरी कुठं? कोल्हापुरात सदर बाजारात वाढलेली पोर. लायब्ररी म्हटलं की पंखे, कपाटं आणि 'शांतता राखा'ची पाटी, एवढंच तिला ठाऊक. विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. मार्गशीर्षातली पुनव, दिवेलागणीची वेळ, माळावर बोचरं वारं सुटलेलं, आणि ही आपली कुलूप लावून गारगोटीची एसटी गाठायच्या घाईत. तोच हलगी कडाडली. दारात येऊन बघते तर समोर अख्खा गाव, मधे रवळनाथाची पालखी, आणि सगळ्यांच्या पुढं एक उंच तरणा गडी. त्याच्या हातात तेलानं निथळणारी, भडाभडा जळणारी दिवटी.

"बाजूला व्हा की म्याडम," तो म्हणाला. "आत जायचंय."

"ते घेऊन?"

"हे घेऊनच. हे नसलं तर मी कशाला येऊ? मला वाचनाचा नाद न्हाय."

मागं दोन-चार बायका फिसकन हसल्या. शाहिस्ता दारात आडवी झाली. दोन्ही चौकटींना हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, आत नुसता कागद आहे, तुम्हाला काही वाटतं का? त्यावर तो शांतपणे म्हणाला, की इमारत बांधल्यापासून दरसाली आमच्या घरची दिवटी इथनं जाती, अजून एक पान जळलेलं नाही. त्याच्या शेजारी एक म्हातारा होता. पांढरी दाढी, गळ्याला मफलर, छातीत धाप. त्यानं शाहिस्ताकडं असं पाहिलं, की तिच्या अंगावर काटाच आला. मग पाण्यानं चिंब झालेलं एक गोणपाट त्यानं तिच्या पायाशी टाकलं आणि तोंड फिरवलं.

तरुणानं समजावलं. दिवटीच्या मागून लायब्ररीच्या माणसानं ओलं पोतं घेऊन चालायचं. ठिणगी पडली की दाबायची. रीतच आहे तशी.

शाहिस्ता पोत्याकडं बघत राहिली. "तुमच्या हातात जाळ, माझ्या ताब्यात पुस्तकं," ती पुटपुटली. "हे जुळायचं कसं?"

"मधे ओलं पोतं हाय की," तो म्हणाला, आणि हसला.

त्या हसण्यानं घात केला बघा. तिनं पोतं उचललं.

आता हे विद्यापीठ काय प्रकार आहे ते सांगायला हवं, नाहीतर ही सगळी फेकाफेक वाटेल. वेदगंगा ग्रामविद्यापीठ. गारगोटीच्या पुढं, उघड्या माळावर. फार वर्षांपूर्वी एक गुरुजी गावोगाव पायी फिरले आणि म्हणाले, की पोरं शिकायला शहरात जातात ती परत येत नाहीत, तर आपण शहरच इथं आणू. आसपासच्या गावांनी जमिनी दिल्या. दगड माळानंच दिला. तो काढून काढून जो खड्डा पडला त्याचं तळं झालं. ज्याच्या त्याच्या घरचं माणूस येऊन भिंतीला हात लावून गेलं. लायब्ररीला मात्र सपाट जागा एकच होती, आणि ती नेमकी पालखीच्या वाटेवर. पालखी वाट बदलत नाही. गुरुजीही जागा बदलेनात. शेवटी तोड निघाली, की वाचनालयाला समोरासमोर दोन दारं ठेवायची. उगवतीच्या दारानं पालखी आत येईल, मावळतीच्या दारानं बाहेर पडेल.

गुरुजींनी अटी घातल्या. आत वाद्यं बंद, आणि दिवटीमागं ओलं पोतं. गावानंही आपल्या घातल्या. पालखी दारातनं माघारी फिरणार नाही, आणि दिवटीवाला बाहेर पडेपर्यंत थांबणार नाही की मागं बघणार नाही.

तर त्या संध्याकाळी हलगी दारातच मुकी झाली. एवढा गाव, पण आत नुसती पावलं वाजत होती. कपाटांच्या काचांवर जाळ हलत होता. शाहिस्ता त्या रुंद पाठीमागं चालत होती, पोत्याचं पाणी तिच्या सलवारीवर ठिबकत होतं, आणि तिला उगीचच वाटत होतं, की याला मागं बघायची मनाई नसती तर बरं झालं असतं. वेडी कुठली.

त्याचं नाव नौमान. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर होता. तो खवीस नजरेचा म्हातारा म्हणजे त्याचा बाप, लालासाब. घराण्याकडं दिवटीचा मान, पण दम्यानं धूर सोसेना म्हणून त्या वर्षी लेकाच्या हातात दिलेली. हे सगळं शाहिस्ताला आण्णानं सांगितलं. आण्णा म्हणजे विद्यापीठाचा वॉचमन, शिपाई, माळी, सगळं एकटाच. रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारून तो तासाची घंटा द्यायचा, आणि ती ऐकून वर्गात जाणारी पोरं बोटांवर मोजावीत एवढीच उरली होती. एकेक विभाग बंद होत चाललेला. मुलींच्या वसतिगृहात आता शेजारच्या वाडीतल्या शेळ्या बसत. व्हरांड्यात वाऱ्यानं पालापाचोळा गोळा व्हायचा, तो झाडायलाही कुणी नव्हतं.

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी. त्या पहिल्या सोमवारीच नौमान लायब्ररीत हजर. मावळतीच्या दाराजवळच्या बाकावर बसला, पुस्तक उघडलं आणि एक पानही उलटलं नाही. दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी शाहिस्ता त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

"व्हय? मग तरीच गोष्ट पुढं सरकंना."

"वाचनाचा नाद नाही म्हणाला होता."

"न्हायच की. नाद दुसराच लागलाय…"

ती तोंड फिरवून टेबलाशी आली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्या झाल्याच. मग तो येताना ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणू लागला, ती डब्यात जास्तीची चपाती आणू लागली. त्याच्या अंगाला तापलेल्या लोखंडाचा वास यायचा, आंघोळीनं न जाणारा. हातांवर ठिकठिकाणी भट्टीच्या ठिणग्यांचे काळे डाग. एकदा तिनं विचारलं, दुखत नाही का? तो म्हणाला, की सवय झालीय. मग थोडं थांबून म्हणाला, की खोटं बोललो, दुखतंय.

त्यानं तिला सगळं विद्यापीठ फिरवून दाखवलं. कुठली पायरी कुठल्या गावच्या माणसांनी घडवली, गुरुजी कुठल्या झाडाखाली निजायचे, तळ्याच्या कुठल्या कडेला पाणी खोल आहे. पालखी पहिल्यांदा लायब्ररीतून गेली तेव्हा लायब्ररीत माणूसच नेमलेला नव्हता. मग पोतं कुणी धरलं? त्याच्या आजीनं, हाफिजानं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठिणगी पडली, तर बाईनं पोत्यासकट त्यावर अंग टाकलं. तिच्या कोपराला डाग राहिला तो मरेपर्यंत. हे सांगताना नौमानचा आवाज बदलायचा. भट्टीवरचा रांगडा गडी एकदम लहान पोरासारखा मऊ व्हायचा, आणि शाहिस्ताला वाटायचं, याच्या घरात आपण गेलो तर…

आषाढात छप्पर गळू लागलं. त्या माळावरचा पाऊस म्हणजे दिवस-दिवस उघडीप नाही. धुक्यात इमारती बुडून जायच्या, भिंतींना ओल चढायची, आणि पुस्तकांना बुरशीचा आंबूस वास सुटायचा. सोमवार होता म्हणून बरं. दोघांनी मिळून कपाटं ओढली, वर ताडपत्री टाकली. ताडपत्रीचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. घडी घालताना टोकाला टोक आलं, बोटाला बोट लागलं, आणि मग कुणी सोडेचना. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यानं नुसता अंगठ्यानं तिच्या हातावरचा पाण्याचा थेंब पुसला, आणि ती इतकी सुखावली की तिला भीतीच वाटली.

भीती उगीच नव्हती. लालासाब अजून तिच्याकडं बघत नव्हता. म्हातारा रोज तळ्याकाठी फिरायला यायचा, आणि लायब्ररी दिसली की वाट वाकडी करायचा. तिनं एकदा 'सलाम चाचा' म्हटलं, तर त्यानं ऐकूनही ऐकलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत माळ ओसाड पडला असताना तिनं आण्णाला विचारलं, की मी यांचं काय घोडं मारलंय?

आण्णानं आधी टाळाटाळ केली. मग बिडी विझवली आणि सांगितलं. लायब्ररीची जमीन लालासाबच्या बापाची. त्या बदल्यात गुरुजींनी शब्द दिला होता, की तुमच्या घरचं एक माणूस कायम या लायब्ररीत राहील. लालासाबनं सगळी उमर तिथं शिपायाची नोकरी केली. तो निवृत्त झाला, तशी ती जागा नौमानची, असं सगळा गाव धरून चालला होता. पण गुरुजी कधीच वारले होते, आणि बोललेला शब्द नव्या साहेबांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. जागेचं नाव बदललं, शिक्षणाची अट बदलली, जाहिरात निघाली, आणि कोल्हापूरची एक मुलगी निवडली गेली.

"म्हणजे मी…" शाहिस्तानं लायब्ररीकडं पाहिलं.

"तुझा काय दोष न्हाय, पोरी," आण्णा म्हणाला. पण तोंडानं म्हटलं म्हणून काळजाला पटतं थोडंच?

सोमवारी तिनं नौमानला तळ्यावर गाठलं. पाणी हिरवंगार, वारा पडलेला, कुठं चिटपाखरू नाही. तिनं सरळच विचारलं.

"मला का सांगितलं नाही?"

"सांगून काय हुणार हुतं?"

"माझ्यामुळं तुम्ही भट्टीवर जळताय. आणि मी तुमच्या खुर्चीवर बसून तुम्हालाच पुस्तकं देते…"

नौमाननं एक खडा पाण्यात टाकला. म्हणाला, "पयल्या सोमवारी आलतो ते बघायलाच. आमच्या खुर्चीत बसलंय तरी कोण."

"आणि?"

"आणि बघतच राहिलो की."

दुसरी वेळ असती तर ती लाजली असती. आज तिचे डोळे भरून आले. मग त्यानं उरलेलंही सांगून टाकलं. घरी त्यानं तिचं नाव काढलं होतं. लालासाब जेवणावरून उठला. ज्या पोरीनं आमच्या घरची भाकर खाल्ली ती या घरात सून म्हणून येणार नाही, म्हणाला, आणि चार दिवस लेकाशी बोलला नाही. नौमानला वाटत होतं, की म्हातारा आज ना उद्या विरघळेल. शाहिस्ताला तसं वाटत नव्हतं.

पुढं व्हायचं ते झालं. भट्टीवर वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना उडाला आणि नौमानचा डावा हात मनगटापासून भाजला. कोल्हापुरात दवाखान्यात ती त्याला बघायला गेली तेव्हा तो पट्टीतला हात लपवून चेष्टा करत होता, की आता उजव्या हातानं पुस्तक उलटं धरायला शिकतो. ती हसली नाही. त्या रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी पहिल्या एसटीनं जाऊन तिनं राजीनामा दिला. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. आपण खुर्ची सोडली की ती नौमानला मिळेल, तो भट्टीवरून सुटेल, म्हाताऱ्याचा राग जाईल, एवढाच सरळ हिशोब.

अहो, त्या माळावरचं शेंबडं पोरसुद्धा तिला सांगू शकलं असतं! तिथं जागा रिकामी झाली की ती भरत नाहीत, मोडीत काढतात. माणूस गेलं की त्याच्या खुर्चीबरोबर तो विभागच जातो. असंच करत करत निम्मं विद्यापीठ गेलं होतं. म्हणून तर तिथली माणसं आजारी पडली तरी सहीला येत, जागा धरून ठेवत. शाहिस्ता शहरातली. तिच्या सदर बाजारात एक जण दुकान सोडून गेला की दुसरा पाटी लावतो. तिला कसं कळावं?

महिन्याच्या आत हुकूम आला, की ग्रंथपाल नाही, सबब लायब्ररी बंद. ट्रक आले. पुस्तकं पोत्यांत भरून कोल्हापुरात कुठल्याशा गोदामात गेली. नौमानचा फोन आला तेव्हा ती अम्मीच्या शिलाई मशीनपाशी बसून काज करत होती.

"कुणी सांगितलं हुतं तुला?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला, आणि तेही असं.

"तुम्हाला जागा मिळावी म्हणून…"

"मला खुर्ची नको हुती, शाहिस्ता. मला खुर्चीत बसलेली पाहिजे हुती."

ती रडू लागली. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, की अब्बांना आता काय सांगू? आधी म्हणत होते हिनं आमची जागा घेतली, आता म्हणतात हिनं जागाच मारली. फोन ठेवला. नंतर तिनं केला नाही, त्यानंही केला नाही. मिरजेहून एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा, माणसं बरी. अम्मीनं सहा ठिकाणी चौकशी करून त्यांना येत्या रविवारी बोलावलं, आणि शाहिस्तानं मान हलवली. हलवणार नाही तर काय करणार?

पण मार्गशीर्षाची पुनव रविवारच्या आधी आली. सकाळी ती उठली आणि अम्मीला म्हणाली, की गारगोटीला जाऊन येते, एकाची माफी मागायची राहिलीय. अम्मीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि डबा भरून दिला.

माळावर पोचली तेव्हा दिवस कलला होता. घंटेचा रूळ नुसता लोंबत होता. तळ्याकाठी लालासाब एकटाच उकिडवा बसून पोतं भिजवत होता. शाहिस्ता गेली. जाऊन त्याच्यासमोर बसली.

"चाचा, जागा माझ्यामुळं गेली. माफी मागायला आलेय."

म्हाताऱ्यानं पोतं पाण्यात दाबलं. बुडबुडे आले.

"का सोडलीस खुर्ची?" त्यानं विचारलं.

"नौमानचा हात भाजला म्हणून."

"तुला परत दुसरी मिळाली?"

"नाही."

त्यानं पोतं पिळलं नाही, तसंच निथळत खांद्यावर टाकलं आणि निघून गेला. शाहिस्ताला वाटलं, संपलं. शेवटची एसटी जायची होती, पण पाय निघेना. एकदा लांबून बघू, तिनं ठरवलं. दिवटी आत जाताना बघू आणि मग जाऊ.

पण दिवटी आत जाईचना. उगवतीचं दार बंद. पायरीवर आण्णा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन रडकुंडीला आलेला. साहेबांचं सांगणं होतं, की लायब्ररीचं माणूस पोतं धरत असेल तरच दार उघडायचं, ही तुमच्याच गुरुजींची अट. आता लायब्ररीचं माणूसच नाही, तेव्हा पालखी यंदा बाहेरून न्या. गाव हटेना. पालखी दारातून माघारी फिरत नाही. हलगीवाले बडवतच होते. नौमान सगळ्यांच्या पुढं, दाराकडं तोंड करून, दिवटी धरून उभा. भाजलेल्या हाताची कातडी जाळाच्या उजेडात चमकत होती. शाहिस्ता बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहून ओढणी तोंडात कोंबून बघत होती. हेही माझ्यामुळंच, तिच्या मनात येत होतं.

लालासाब पायरी चढला. धाप लागली म्हणून आधी भिंतीला टेकला.

"आण्णा," तो म्हणाला, "लायब्ररीचं माणूस नव्हतं तवा पोतं कुणी धरलं हुतं?"

"तुझ्या आईनं."

"ती लायब्ररीची हुती?"

"न्हाय. दिवटीच्या घरची हुती."

"मग उघड दार."

आण्णानं एकदा पालखीकडं पाहिलं, एकदा कचेरीच्या अंधाऱ्या खिडक्यांकडं. आणि कुलपात किल्ली घातली. लालासाब मागं वळला, बायकांच्या घोळक्यापाशी आला. हलगीच्या कल्लोळात त्याचा आवाज जवळच्यांनाच ऐकू आला. खांद्यावरचं पोतं काढून त्यानं शाहिस्तापुढं धरलं.

"धर."

कुणीतरी बाई म्हणाली, की आता आत पुस्तकं कुठं आहेत? जळायला काही उरलं नाही, मग पोतं कशाला?

"पुस्तकं गेली म्हणून रीत जाती व्हय?" म्हातारा म्हणाला. मग शाहिस्ताकडं, पहिल्यांदाच नीट, बघत म्हणाला, "जागा घेणारी लई बघितली. सोडणारी तू पयली. चल, दिवटी थांबत न्हाय."

हलगी दारात मुकी झाली. आत काळोख होता आणि ओल्या चुन्याचा वास. रिकामी कपाटं दोन्हीकडं उभी; काचांवर जाळ हलत होता आणि काचांमागं काहीच नव्हतं. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी तेवढी राहिली होती, ती नेण्याच्या लायकीची कुणाला वाटली नसावी. शाहिस्ता त्याच रुंद पाठीमागं चालत होती. पोत्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"अब्बा," नौमान पुढं बघतच हळू आवाजात म्हणाला, "धूर लागतोय का? मागं ऱ्हावा जरा."

"अब्बा नाहीत."

दिवटी हलली. पाऊल अडखळलं, पण थांबलं नाही.

"कोण हाय?" त्याचा आवाज घोगरा झाला.

"मधलं ओलं पोतं…" ती म्हणाली. "मागं बघू नका. रीत मोडेल."

पालखीचे भोई मागून येत होते, त्यांच्या पायांचा आवाज जवळ येत होता. दिवटीतून एक ठिणगी गळून रिकाम्या फरशीवर पडली. जळायला तिथं कागदाचा कपटाही नव्हता. तरी शाहिस्ता वाकली आणि तिनं ती पोत्यानं दाबली.

"रविवारी मिरजेचे पाहुणे येणारेत," ती म्हणाली.

"मग?" त्यानं विचारलं. खांदे ताठ झालेले तिला मागून दिसले.

"मग मी त्यांना नको म्हणून सांगणार आहे. मला तुमच्याशीच लग्न करायचंय. नोकरी गेलीय, तुमचीही जागा मी घालवलीय, माझ्याकडं आता काही नाही… तरी करायचंय."

त्याच्या श्वासाचा आवाज आला, रडताना येतो तसा. मावळतीचं दार जवळ आलं होतं. आण्णानं ते पलीकडून उघडलं तसा गार वारा आत घुसला आणि जाळ मागं वाकला.

"पोतं कुणी दिलं तुला?" त्यानं विचारलं.

"अब्बांनी."

उंबऱ्याबाहेर पाय पडला की दिवटीवाल्याला मागं बघायची मोकळीक असते. नौमान वळला. घामानं आणि आसवांनी त्याचं तोंड ओलं झालं होतं. हलगी पुन्हा सुरू झाली, लोक पालखीबरोबर गावाच्या उताराला लागले, आणि आण्णानं मागं दाराला कुलूप घातलं. आता पुढच्या वर्षी या पुनवेला ही इमारत कुणाच्या ताब्यात असेल, दार उघडेल की नाही, हे त्या गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं. लालासाब भिंतीच्या कडेकडेनं, बाहेरून चालत येऊन खाली थांबला होता.

नौमाननं दिवटी उजव्या हातात घेतली आणि भाजलेला हात पुढं केला. शाहिस्तानं पोत्याचं एक टोक त्या हातात दिलं. दुसरं तिनं धरलं, आणि दोघं उतार उतरू लागली.